धर्माच्या गायीचे दात

2025 च्या मे महिन्यातली दुपार. ऑफिसात डबा उघडला होता, पोळीचा पहिला घास मोडला होता, तेवढ्यात माहेरच्या गावच्या शाळेतून बाईंचा फोन आला. बाई म्हणजे मुख्याध्यापिका. "ताई, तुम्ही दिलेल्या कॉम्प्युटरांबद्दल जरा बोलायचं होतं." उगीचच मनात काहीतरी गोड आलं. वाटलं, कुणी जुना विद्यार्थी शिकून मोठा झाला असेल, शाळेत पेढे घेऊन आला असेल, चार वाक्यं बोलताना त्या कॉम्प्युटरांचं नाव काढलं असेल. मी घास तसाच हातात धरून "बोला ना बाई" म्हटलं. बाई म्हणाल्या, "त्यांची किंमत शून्य आहे, असं तुमच्या कंपनीचं पत्र मिळेल का?"

बाई 31 मेला रिटायर होणार होत्या. (आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी शिक्षकांचा जन्म एक जूनचा असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली, तीच जन्माला चिकटली.) रिटायर होण्याआधी चार्ज द्यायचा, आणि चार्ज द्यायचा म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवहीतली एकूण एक वस्तू नव्या माणसाला मोजून दाखवायची. या वहीला सगळे डेडस्टॉकच म्हणतात. घंटा, सतरंज्या, लोखंडी कपाट, पृथ्वीचा गोल, आणि त्यांच्या खाली माझी ओळ: "संगणक संच, 4 नग, देणगी, रु. 1,20,000." चार्ज घेणारे गुरुजी म्हणाले, लाखाच्या वरचा माल आहे, चालू स्थितीत दाखवा, नाहीतर निर्लेखन करून वहीतून कमी करून घ्या, मगच सही करतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. सही केली की ते ओझं त्यांच्या डोक्यावर. आणि निर्लेखन म्हणजे समितीचा ठराव, पंचायत समितीकडे प्रस्ताव, मंजुरी, मग भंगारात विक्री आणि त्या पैशांची पावती. लाखाच्या वस्तूबद्दल दहा प्रश्न येतात, शून्याच्या वस्तूबद्दल दोन. म्हणून शून्य हवं होतं. "आणि ताई, एक माउस कमी भरतोय," फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या. त्या आवाजात तक्रार नव्हती. उसनी वाटी परत करताना तिचा कान मोडलाय हे सांगावं, तसा ओशाळा आवाज होता. मला तोच जास्त लागला.

कारण तो एक लाख वीस हजाराचा आकडा माझा होता.

मी भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात हिशेब बघते. 2014 साली देणगीपत्र मीच टाइप केलं होतं. किंमत काय टाकायची असं शेठना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बिलाची टाका. देतोय तर जरा नीट दिसू दे." बिल 2007 चं, तीस हजाराला एक. चार त्रिक बारा. मी टाकली. त्याच संध्याकाळी त्याच टेबलावर बसून मी घसाऱ्याचा, म्हणजे जुनेपणापायी दरसाल किंमत कमी धरण्याचा, तक्ताही केला होता, हे मात्र मला बाईंच्या फोननंतर आठवलं. कॉम्प्युटरवर त्या काळी प्राप्तिकराच्या नियमाने दरसाल साठ टक्के घसारा धरत. साठ टक्के कापायचे, उरलेल्यावर पुन्हा साठ टक्के, असं सात वर्षं. खरं तर तक्त्यात सगळे कॉम्प्युटर एकाच गटात असतात, सुटा हिशेब कुणी करत नाही. पण त्या दुपारी मी डबा बाजूला सारून कॅल्क्युलेटरवर केला. 31 मार्च 2014 ला त्या चार संचांचे मिळून राहत होते 197 रुपये.

आमच्या वहीत 197 रुपये. शाळेच्या वहीत 1,20,000.

त्या वर्षी 8 एप्रिलला विंडोज एक्सपीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेची डागडुजी, संपला, हे लक्षात असेल तुमच्या. महिनाभर आधीपासून घबराट होती. बँकेकडून सूचना, सीएंकडून सूचना, आता व्हायरस येतील, डेटा जाईल. शेठनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने चार जिन्याखाली गेले. सतरा इंची, पाठीला कुबड असलेले मॉनिटर, पिवळट पडलेले कीबोर्ड, ज्यांच्यावरचं एंटरचं बटण माझ्या बोटाने घासून गुळगुळीत झालेलं. भंगारवाला अडीचशेला एक म्हणाला, तेही मॉनिटर ठेवून. त्याला ती काच नको होती. मला वाईट वाटलं. सात वर्षं ज्याच्यासमोर बसून मार्चएंड काढले, रात्री अकराला टॅली जुळल्यावर ज्याच्याकडे बघून हसले, तो अडीचशे रुपयांत? मीच म्हटलं, आमच्या गावच्या शाळेला देऊ. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या वाक्यात शाळा नंतर आली. आधी तो जिना आला, आणि त्या अडीचशेचा अपमान आला. देण्याआधी आमच्या हार्डवेअरवाल्या मुलाने हार्डडिस्क फॉरमॅट केल्या आणि त्यांवर पुन्हा एक्सपीच टाकलं. दुसरं काही त्या 512 एमबी रॅमवर नीट चालणारं त्याच्याकडे नव्हतं. जे आमच्यासाठी धोक्याचं म्हणून आम्ही काढून टाकत होतो, तेच ताजं करून आम्ही मुलांना पाठवलं. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

कराडला कास्टिंग आणायला जाणाऱ्या टेम्पोत माल चढला, मी ड्रायव्हरशेजारी. खंबाटकी ओलांडला तेव्हा पाऊस सुरू झाला, उंब्रजला वळून पाटणच्या रस्त्याला लागलो तेव्हा काचेतून काही दिसत नव्हतं. मागे ताडपत्री फडफडत होती आणि मी दर पाच मिनिटांनी मागे वळून बघत होते, बाळंतिणीला घेऊन चालल्यासारखी. पंधरा ऑगस्टला कार्यक्रम झाला. शाल, नारळ, गावच्या लेकीचा सत्कार, बायकांनी ओटी भरली. कॉम्प्युटरांना हार घातले, हळद-कुंकू वाहिलं. एकाची बटणं चाचपताना कुणाच्या तरी हाताने सीडीचा खण उघडला आणि जीभ काढल्यासारखा तो ट्रे बाहेर आला, तशी पुढच्या रांगेतली पोरं किंचाळून मागे सरली आणि मग अख्खी शाळा हसली. तो हशा अजून कानात आहे. त्या दिवशी मी फार खूश होते, हेही लिहून ठेवते. तो आनंद खोटा नव्हता.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. काही सुट्टीत गेल्यावर डोळ्यांनी दिसलं, काही भावजयीकडून, काही बाईंकडून, आणि सगळं मी त्या त्या वेळी थोडंसं कानाआड केलं. आमच्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या असतात. कपाटातली साडीसुद्धा बुरसते. चारही कॉम्प्युटर एकदम लावले की फ्यूज जायचा, कारण पेंटियम आणि तो नळीचा मॉनिटर मिळून दीड-दोनशे वॅट सहज ओढतो, आणि त्या खोलीची वायरिंग एका पंख्यासाठी केलेली. यूपीएस आम्ही दिले नव्हते, त्यांच्या बॅटऱ्या आधीच मेल्या होत्या. लाइट गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद. वीजबिलासाठी वेगळे पैसे नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळांची बिलं थकणं आणि जोडणी तुटणं ही काय नवी बातमी आहे? मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला, तेव्हापासून चालू केला की तारीख 2007 ची यायची आणि काळ्या पडद्यावर एफ1 दाबा म्हणून यायचं. पोरांना वाटायचं कॉम्प्युटर असाच चालू करतात. मग एक दिवस नुसते बीप वाजायला लागले. कराडचा दुरुस्तीवाला आला, त्याने रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, परत बसवली, कॉम्प्युटर चालू. दोनशे रुपये घेऊन गेला. बाईंनी नीट बघून ठेवलं होतं. शाळेत खोडरबराला काय तोटा! पुढची दोन वर्षं त्यांनी स्वतः, दर पावसाळ्यानंतर, चौथीच्या पोरांकडून खोडरबर मागून चारही कॉम्प्युटर घासले. 2007 च्या मालासाठी एवढं आमच्या कंपनीत कुणी केलं नव्हतं.

2016 च्या मे महिन्यात मी ती खोली उघडायला लावली. दारात चप्पल काढायची सक्त ताकीद, भिंतीवर तसं लिहिलेलं. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, एकावर एक. आणि पोत्यांपलीकडे माझे चार कॉम्प्युटर, प्रत्येकावर विणलेला रुमाल. जुन्या तांदळाचा, उंदराचा आणि ओलीचा मिळून एक वास. एक चालू होता. बाईंनी कौतुकाने चालू करून दाखवला. त्याला पाच मिनिटं लागली, तेवढ्यात चहा आला. इंटरनेट नव्हतं, आणि असतं तरी त्या एक्सपीवरच्या ब्राउझरमध्ये नव्या साइट धड उघडल्या नसत्या. शाळेचं सगळं काम तोवर ऑनलाइन झालं होतं. सरल या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायला बाई रात्री मल्हारपेठेत कुणाच्या तरी दुकानात जाऊन बसत, कारण रात्री सर्व्हर हलका असतो. त्याच सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या वर्षी शाळेतल्या तिन्ही शिक्षकांच्या खिशात माझ्या चार कॉम्प्युटरांच्या बेरजेपेक्षा ताकदीचे फोन होते. रुमाल मात्र धुऊन परत घातले जात राहिले.

लहानपणी आमच्याकडे बोहारीण यायची. आई ट्रंकेतून जुनी साडी काढायची, घडीवर हात फिरवत तिची थोरवी सांगायची. बोहारीण ऐकून घ्यायची आणि मग ती साडी उलगडून दारातल्या उजेडात धरायची. काठाला नख लावून बघायची, पदर ताणायची, भोक दिसलं की एका शब्दाने न बोलता बाजूला टाकायची. "ही न्हाई चालायची, वैनी." आईला राग यायचा, पण त्या पातेल्याचा सौदा बरोबरीच्या दोघींचा होता. तीच साडी आईने मोलकरणीला दिली असती तर तिने उजेडात धरली असती का? तिने डोक्याला लावून घेतली असती आणि घरी जाऊन भोक बघितलं असतं. धर्माची गाय अन् दात का गं नाय, ही म्हण आपण घेणाऱ्यासाठी करून ठेवली आहे. फुकट मिळतंय ना, मग तोंड उघडून बघू नको. देणाऱ्यासाठी तशी म्हण मला आठवत नाही. कठोपनिषदातल्या गोष्टीत बापाने यज्ञात भाकड गायी दान द्यायला काढल्या तेव्हा त्याला टोकणारा एकच नचिकेत, आणि त्याची रवानगी यमाकडे झाली ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे जुने कॉम्प्युटर देऊच नयेत का? असं म्हणायलाही जीभ धजत नाही. गोव्यात 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशातल्या गोवेकरांनी वापरलेले कॉम्प्युटर शाळांसाठी पाठवले होते आणि तिथल्या, लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम जाणणाऱ्या मंडळींनी ते चालते केले होते. मला त्यात कॉम्प्युटरांपेक्षा ती मंडळी महत्त्वाची वाटतात. जुन्या यंत्राला त्याची नाडी ओळखणारा माणूस लागतो, आणि तो टेम्पोत घालून पाठवता येत नाही. असा माणूस असेल तर एका बऱ्या कॉम्प्युटरवर सगळं काम चालवून बाकीचे नुसते पडदा-कीबोर्ड म्हणून वापरता येतात, म्हातारीला बसून निवडायला दिल्यासारखं. नसेल तर आपण फक्त कचऱ्याचा पत्ता बदलतो. त्या नळीच्या मॉनिटरच्या काचेत बरंच शिसं असतं. पुण्याच्या आसपास ई-कचऱ्याचे परवानाधारक कारखाने आहेत, 2011 साली त्याचे नियम आले आणि त्यांनी उत्पादकालाही जबाबदार धरलं, 2022 मध्ये ते नियम नव्याने आले. आमच्या गावात काय आहे? लसणाच्या बदल्यात लोखंड-प्लास्टिक नेणारा टेम्पो, आणि तांब्यासाठी नदीकाठी वायरी जाळणारी पोरं. तो काळा, घशाला चिकटणारा धूर मी पाहिला आहे. भोसरीतल्या भंगारवाल्याला नको असलेली काच मी मोठ्या प्रेमाने, ताडपत्रीखाली झाकून, कोयनेच्या खोऱ्यात नेऊन सोडली होती.

आणि तरी.

त्या फोनच्या दोन वर्षं आधी मल्हारपेठेत एका पतसंस्थेत आईच्या पावतीचं काम होतं. काउंटरवरच्या मुलीने मला ओळखलं. "तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ताई ना?" तिची बोटं कीबोर्डवर सटासट चालली होती. माझ्यातली शाल-नारळवाली बाई लगेच जागी झाली. विचारलं, "मग काय शिकलात गं त्याच्यावर?" ती हसली. "काय न्हाई ओ. पत्ते खेळायचो." मग काम करता करताच म्हणाली, "पत्ता धरून ओढून न्यायचा, सोडायचा नाही मधीच. आधी जमायचंच न्हाई, पत्ता परत जागेवर जायाचा. आन् एफ1 दाबायला भांडणं. ज्याचा नंबर त्यानं दाबायचा." पावती छापून निघाली. मी ती घेऊन बाहेर आले आणि बराच वेळ एसटीच्या शेडमध्ये ठरवत बसले, की या मुलीला जमेच्या बाजूला मांडायचं का? पत्त्यांमुळे ती इथे बसली असं म्हणणं म्हणजे पुन्हा बिलाची किंमत टाकण्यासारखं. पण शून्यही म्हणवेना.

बाईंचा फोन आला त्याच आठवड्यात ऑफिसात दुसरी गोष्ट घडली होती. ऑक्टोबरच्या 14 तारखेला विंडोज 10 चा आधार संपणार होता, आमच्या नऊ कॉम्प्युटरांचे प्रोसेसर सातव्या पिढीचे, विंडोज 11 त्यांना दारातच उभं करत नव्हतं. खरेदीचं बघणारा नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावच्या शाळेला देऊन टाकू ना. तुम्ही आधी पण दिलेत म्हणे." मी हो-नाही काहीच बोलले नाही. बाईंचं पत्र मात्र त्या संध्याकाळी टाइप केलं. "सदर संचांचे आजचे मूल्य" इथे येऊन बोटं अडली. घटत्या शिलकीच्या पद्धतीत शून्य कधी येतच नाही, हे कॉमर्सच्या पोरालाही माहीत असतं. पुन्हा कॅल्क्युलेटर घेतला. तीन वर्षं साठ टक्क्यांनी, मग दर चाळीसवर आला तेव्हापासूनची आठ वर्षं चाळीसने. चारांचे मिळून 21 पैसे. मी शून्य लिहिलं आणि शेठची सही घेतली. त्यांनी वाचलं नाही.

25 मेच्या रविवारी गेले. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने धरलं होतं, तोच खंबाटकी, तीच न दिसणारी काच. सुट्टीमुळे शाळा ओस, व्हरांड्यात बाई आणि नवे गुरुजी वह्या पसरून बसलेले. गुरुजी तरुण, चाळिशीच्या आतले. पत्र वाचून त्यांनी घडी घालून फायलीत ठेवलं. चहा पिताना मी भीत भीत त्या नऊ कॉम्प्युटरांचं काढलं. मला वाटलं होतं, ते संकोचतील, "बघा, तुमची इच्छा" म्हणतील. ते म्हणाले, "कुठल्या पिढीचे? रॅम किती? हार्डडिस्क आहे का एसएसडी?" मी सांगितलं. "मॉनिटर नळीचे नाहीत ना?" नाहीत म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला. "दोन द्या. नऊ नकोत, लावायला जागा नाही आणि वायरिंग झेपणार नाही. पण एसएसडी घालून द्या, दोन हजाराच्या आत येते. लिनक्स टाकून द्या, ते मी बघतो पुढं. आणि बाकीच्या सात कॉम्प्युटरांचे जे काय पैसे येतील, त्यातून एक प्रिंटर द्या, टोनरसकट. आम्हाला खरी नड त्याची आहे." जरा थांबून म्हणाले, "आणि ताई, पत्रात किंमत टाकू नका." बाई खाली मान घालून साडीचा काठ चाचपत होत्या. मला वाटतं, त्या हसू दाबत होत्या.

मग मोजणी. पोती हलवली, रुमाल काढले. एका मॉनिटरच्या पाठीत कोळ्याने पांढरं घर केलं होतं. बाई नाव घेत, गुरुजी बोट ठेवत, वहीत खूण होत. मॉनिटर चार. सीपीयू चार. कीबोर्ड चार. मी पर्स उघडली. आदल्या रात्री घरातल्या ड्रॉवरमधून, चार्जर आणि मेलेल्या रिमोटांच्या ढिगातून, एक माउस शोधून रुमालात गुंडाळून घेतला होता. आमच्या त्या चारांची पिन गोल आणि हिरवी होती, याची चपटी. चालतो की नाही मी बघितलंही नव्हतं. टेबलावर बाकीच्या तिघांशेजारी ठेवला, शेपूट आत वळवून. बाईंनी माझ्याकडे बघितलं. गुरुजींनीही बघितलं, पिनेकडेही बघितलं, आणि वहीत लिहिलं: माउस, 4 नग.